अकरा चालू, चार बंद

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
पहाटे पाचला विट्यातून गाडी काढतो.
मागच्या सीटवर रामलिंग चोथे, आमचे आण्णा,
हातात अर्ध्या लिटरची बाटली,
तिच्यावर पेनानं ओढलेल्या रेघा:
इथवर सकाळ, इथवर दुपार, इथवर रात्र.
डॉक्टरनं तेवढंच पाणी नेमून दिलंय.

मिरजेहून परतताना ऊन डोक्यावर.
एसी लावला की टक्, वारा गार.
मग टक्, वारा कोमट.
टक्. टक्.
मी म्हटलं, जुनी गाडी, कुरकुरते जरा.
आण्णा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले,
"अकरा चालू, चार बंद.
कवलापूरपासून मोजतोय.
पोटात काहीतरी कमी पडतंय तिच्या."

तीस वर्षं यंत्रमागाचे जॉबर होते ते.
शेडात चोवीस माग धडधडत असताना
कुठल्या मागाचा धोटा अडतोय
ते दारातनंच सांगायचे, चहा न सांडता.
आता कानानं कमी येतं.
ठेका मात्र सीटमधनं हाडात पोचतो.

मी आधी रिले बदलला. साडेतीनशे.
मग सांगलीत एकानं गॅस भरला, अठराशे,
वर म्हणाला, "वर्षभर बघायला नको."
तिसऱ्या आठवड्यात परत टक्.
पुढच्यानं बॉनेटसुद्धा नीट उघडलं नाही,
कॉम्प्रेसर गेला म्हणाला, अठरा हजार.
अठरा हजार म्हणजे आण्णांच्या किती फेऱ्या,
हा हिशेब मनात सुरू झाला
आणि त्यांच्याकडं आरशात बघवेना.

तासगावात अल्ताफ मुजावरचं पत्र्याचं शेड.
मी म्हटलं, आज नको, सुयांनी थकलाय तुम्ही.
"थकू दे. मला ऐकायचंय."
बाकावर आडवे झाले, मफलर उशाला.

अल्ताफनं दोन मीटर लावले, निळा आणि तांबडा.
निळा काटा घसरत विसाशी आला. टक्.
चढत चाळिसापार गेला. टक्.
"कॉम्प्रेसर शाबूत आहे," तो म्हणाला.
"गॅस कमी पडला की कोरडा फिरून जळंल,
म्हणून स्विच त्याला मधेच थांबवतो.
बिघाड नाही हा. जपणूक आहे."
आण्णा नुसतं हं म्हणाले.
डाव्या हातावरच्या फिस्टुलाशी
पट्टीच्या कडेला बोट टेकवून होते,
आत घरघर चालू आहे ना, बघत.

मग साबणाचा फेस.
पाइप, जोड, कंडेन्सर.
जाळीत हळदीची पिवळी पूड
(रिकाम्या दिवशी मार्केट यार्डाची भाडी मारतो मी).
"ही झाडून घ्या. पण गळती इथं नाही."
शेवटी गॅस भरायच्या तोंडाशी आला.
टोपणच नव्हतं.
थेंबभर फेस लावला, आणि
मोहरीएवढा एक फुगा
आला, फुटला, परत आला.
व्हॉल्व्हची पिन. चाळीस रुपये.
अठराशेवाल्यानं टोपण कुठं टाकलं
ते त्याचं त्यालाच ठाऊक.

अर्धा तास व्हॅक्यूम.
मग काट्यावर तोलून गॅस.
मी म्हटलं, असू दे की थोडा जास्त.
"जास्त झाला तरी बंद पडंल," अल्ताफ म्हणाला.
"नेमका लागतो."
बाकावरनं आण्णा हसले, बाटली उंच धरून:
"हे मला सांगतोस व्हय रे!"

निघालो. टक्, एकदाच.
खरड छाटणी झालेल्या द्राक्षबागा
दोन्ही बाजूंनी उघड्याबोडक्या.
आरशात त्यांची बोटं मांडीवर,
दहा, अकरा,
बारा,
तेरा.
चाळिसाला थांबली.
"काय आण्णा?" मी विचारलं.
"काय काय?
तुझी काच बोटभर खाली आहे.
लाव की ती. गार वारं चाललंय बाहेर."